बाहेरच्या बाकाला आमची हरकत आहे

आमच्या जुन्या वॉर्डाचे बिशप, त्यांचे दोन्ही काउन्सेलर आणि स्टेक प्रेसिडेंट यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका बुधवारी संध्याकाळी माझी मुलगी आणि तिचा होणारा नवरा बिशपांच्या ऑफिसात येऊन बसले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. सकाळी चर्चच्या हॉलमध्ये कायदेशीर लग्न लावायचं, दोन्हीकडचे आईबाप आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई समोर बसतील, आणि दुपारी दोघांनी टेम्पलमध्ये जाऊन सीलिंग करून घ्यायचं. (मराठी वाचकांसाठी: हे मॉर्मन चर्च. वॉर्ड म्हणजे त्याची स्थानिक मंडळी, अनेक वॉर्ड मिळून एक स्टेक. सीलिंग म्हणजे नवराबायकोला कायमचं बांधणारा टेम्पलमधला विधी. टेम्पलमध्ये परवाना असलेल्या सभासदांनाच जाता येतं, आणि आम्ही दोघं सभासद नाही.) बिशप, तुम्ही नाही म्हणाला नाहीत. चालतं खरं, म्हणालात, पण आधी बाहेर लग्न लावलंत तर लोकांना तुमची श्रद्धा कच्ची वाटेल, आणि आईबाबांचं मन राखण्यासाठी देवाला मागे बसवू नये. पोरगी घरी आली. बूट काढता काढता मान वर न करता म्हणाली, "आई, तू आणि बाबा बाहेरच्या बाकावर बसाल ना थोडा वेळ?"

तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आधी तुमच्याशी बोलायचं आहे.

या पत्राची इंग्रजी प्रत रविवारी तुमच्या हातात दिलीच. ही मराठी प्रत सगळ्यांसाठी उघडी ठेवते आहे. इथे अमेरिकेत, सॉल्ट लेकच्या आसपास माझ्या ओळखीची मराठी घरं वाढत चालली आहेत. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी पाटी लावलेली दोन गोड मिशनरी पोरं त्यांच्याही दारावर येतात. भारतातलं पहिलं टेम्पल बंगळुरूला बांधायचं तुमच्या चर्चने २०१८ मध्ये जाहीर केलं आहे. उद्या पुण्यामुंबईकडचं एखादं पोर तिथे लग्नाला उभं राहील. त्याच्या आईबापांना बाहेरच्या बाकाबद्दल आधी कळलेलं बरं. हे मुलीला विचारून लिहिते आहे. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

मी मूळची वाईची. २००४ साली नवऱ्याच्या नोकरीमागे युटात आले तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती. पहिल्याच हिवाळ्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. नवरा सकाळी सातला बाहेर पडायचा, दारात गुडघाभर बर्फ, आणि ओळखीचं म्हणावं असं माणूस नाही. तेव्हा या वॉर्डातल्या बायका दोन आठवडे रोज जेवण घेऊन आल्या. बटाट्याची ती कॅसरोल, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. मी ती लसणाच्या चटणीबरोबर खायचे आणि हे त्यांना कधी सांगितलं नाही. कोणीतरी पहाटे येऊन बर्फ उपसून जायचं, कोण ते आजही मला माहीत नाही. हे मी विसरलेले नाही. खाली जे लिहिते आहे ते वाचताना हेही लक्षात असू द्या.

२००६ मध्ये मी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चहा सोडावा लागतो का?" लागतो म्हटल्यावर तो उठून चहा टाकायला गेला. त्याचा धर्मविचार तिथेच संपला. मी मात्र तेरा वर्षं चहा प्यायले नाही. वाईला जायचे तेव्हा आई सवयीने आलं किसायला घ्यायची आणि मी गरम पाणी मागायचे. ती काही बोलायची नाही. कपात पाणी ओतायची, बशीसकट हातात द्यायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो आणि त्या दिवशी ज्याला वाटेल तो उठून माइकवर साक्ष देतो. साक्षीचं वाक्य ठरलेलं: मला ठाऊक आहे की हे चर्च खरं आहे. तीन वर्षांचं पोरही पुढे जातं, आई कानात कुजबुजते आणि ते एकेक शब्द म्हणतं. मीही माझ्या मुलीच्या कानात कुजबुजले आहे. पण एक गंमत सांगते. घरी मी प्रार्थना मराठीत करायचे, आणि मराठीत ते वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही. माझी श्रद्धा आहे, मला वाटतं, मला आशा आहे, इतकंच निघायचं. 'ठाऊक आहे' म्हणायला इंग्रजी लागायची. परक्या भाषेत माणूस बरंच काही म्हणून जातो.

हे ठाऊक कसं होतं, तर मॉर्मनच्या पुस्तकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मग्रंथाच्या, शेवटी मोरोनी या त्यातल्या प्रेषिताने दिलेल्या वचनाने. पुस्तक वाचा, मनापासून देवाला विचारा, पवित्र आत्मा उत्तर देईल. छातीत ऊब येते, डोळे भरतात. मला आली होती ऊब, खोटं कशाला बोलू? पण तीच ऊब मला दहा वर्षांची असताना लोणंदला आली होती, आजोबांच्या खांद्यावरून माउलींची पालखी बघताना. टाळ, धूळ, घाम, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायका, आणि छातीत अगदी हेच. आता ही ऊब जर पुरावा असेल, तर दहाव्या वर्षी माउली खरे आणि तिशीत मोरोनी खरा. तुमच्या पुस्तकात दोघांना एकत्र जागा नाही. बरीच वर्षं मी या दोघांतला एक निवडायचा प्रयत्न करत होते. मग एका रात्री भांडी घासताना लक्षात आलं की टाकायचा आहे तो पुरावा. तो टाकल्यावर दोघेही गेले.

हे एका रात्रीत झालं असं मात्र समजू नका. २०१४ च्या शेवटी मी किशोरवयीन मुलांचा रविवारचा वर्ग घेत होते. एका मुलाने विचारलं, जोसेफ स्मिथला, म्हणजे चर्चच्या संस्थापकाला, बायका किती होत्या? मी ठणकावून सांगितलं, एक. बाकी सगळं विरोधकांनी उठवलेलं. त्याने फोन पुढे केला. चर्चच्याच संकेतस्थळावर ऑक्टोबरमध्ये लेख आला होता. काळजीपूर्वक काढलेला अंदाज ३० ते ४०, आणि त्यातल्या एकीचा पंधरावा वाढदिवस अजून काही महिने लांब होता. समोर बसलेल्या मुली त्याच वयाच्या होत्या. मी म्हटलं, पुढच्या रविवारी बोलू. तो पुढचा रविवार आलाच नाही, मी विषय बदलला. तो मुलगा आठवला की मला आजही माझीच लाज वाटते.

मग मी चर्चचेच बाकीचे लेख वाचायला बसले. अब्राहमच्या पुस्तकाचा लेख वाचताना मला आमच्या घरातला मोडी कागद आठवला. तीन पिढ्या आमची समजूत होती की ती छत्रपतींची सनद आहे. दसऱ्याला तिची पूजा व्हायची. वडील शाळामास्तर, त्यांनी एकदा मोडी वाचणारे गृहस्थ घरी बोलावले. निघाला कर्जरोखा, जोंधळ्याच्या उधारीचा. वडील पोट धरून हसले, आजी दोन दिवस जेवली नाही. जोसेफ स्मिथने १८३५ मध्ये इजिप्शियन ममींबरोबर आलेले पपायरस घेतले आणि त्यांतून अब्राहमच्या लेखणीचं म्हणून पुस्तक अनुवादलं. त्यांतले काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडून १९६७ मध्ये चर्चला परत मिळाले. लिपी वाचता येणाऱ्यांनी वाचले, तर ते मृतांबरोबर ठेवायचे नेहमीचे मजकूर निघाले, अब्राहमच्या काळानंतर कितीतरी शतकांनी लिहिलेले. लेखात चर्च हे मान्य करतं आणि मग 'अनुवाद' या शब्दाचा अर्थ सैल करत जातं. आमच्या आजीनेही तेच केलं होतं. म्हणाली, अक्षरं उधारीची असली तरी कागद महाराजांच्याच काळातला असेल.

२०१६ मध्ये मी सात पानी पत्र लिहून तेव्हाच्या बिशपांना दिलं. (बिशप म्हणजे आपल्यासारखाच नोकरीधंदा सांभाळून बिनपगारी राबणारा माणूस, हे मराठी वाचकांनी लक्षात घ्यावं. त्यांचा दिवस किती लांब असतो ते मी पाहिलेलं आहे.) त्यात कृष्णवर्णीयांबद्दलचाही प्रश्न होता. जून १९७८ पर्यंत त्यांच्यातल्या पुरुषांना पुरोहितपद नव्हतं आणि स्त्रीपुरुष दोघांनाही टेम्पलमधले मुख्य विधी बंद होते. मी तेव्हा एक वर्षाची होते, म्हणजे ही काही पुराणकाळातली गोष्ट नाही. २०१३ मध्ये चर्चने त्या बंदीमागचे जुने सिद्धांत नाकारले. मग इतकी वर्षं देवाच्या नावावर ते कोणी चालवले? उत्तर आलं: आणखी प्रार्थना करा, मॉर्मनचं पुस्तक पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं.

शेवटचा धागा तुटला तो असा. नोव्हेंबर २०१५ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या मुलांना सज्ञान होईपर्यंत बाप्तिस्मा नाही, असा नियम आला. पुढच्या जानेवारीत चर्चचे ज्येष्ठ नेते रसेल नेल्सन यांनी तो देवाकडून प्रकट झाल्याचं सांगितलं. एप्रिल २०१९ मध्ये, नेल्सन अध्यक्ष असतानाच, तो मागे घेतला, तोही प्रकटीकरणानेच. साडेतीन वर्षांत देवाने मत बदललं. मी त्याच उन्हाळ्यात नाव कमी करायचा अर्ज दिला, घरी येऊन चहा केला आणि तो मला कडू लागला.

आता तक्रारी.

पहिली लग्नाची, आणि तीच सगळ्यांत मोठी. पूर्वी अमेरिकेत आधी कायदेशीर लग्न लावलं तर टेम्पलसाठी वर्षभर थांबावं लागायचं. ६ मे २०१९ रोजी तुमच्या फर्स्ट प्रेसिडेन्सीने, म्हणजे चर्चचे अध्यक्ष आणि त्यांच्या काउन्सेलरांनी, ती अट काढून टाकली. ज्यांचे आईबाप टेम्पलमध्ये जाऊ शकत नाहीत त्या घरांना त्यातून वाट मिळाली. इंग्लंडमध्ये तर कायद्यानेच लग्न उघड्या दारांनी लावावं लागतं, म्हणून तिथले मॉर्मन आधी बाहेर लग्न लावून मग टेम्पलमध्ये जात आले आहेत. त्यांची श्रद्धा कच्ची आहे का? मुख्यालयाने उघडलेलं दार तुम्ही ऑफिसात बसून हळूच लोटून घेता, आणि कडी लावली नाही म्हणून दार उघडंच आहे असं म्हणता. आमच्याकडे लग्न म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल. हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसलेल्या लांबच्या मामीच्या हातातही अक्षता असतात. परकर-पोलक्यातली पोर वेळ चुकून आधीच टाकून मोकळी होते. सगळ्यांनी बघायचं, सगळ्यांनी टाकायचं. जिला मी वाढवलं, तुमच्या बाप्तिस्म्यालाही मीच नेलं, तिच्या लग्नाला मी दगडी बाकावर पर्स धरून बसायचं आणि बाहेर आल्यावर फोटोत उभं राहायचं? माझ्या नवऱ्याने तर कधी तुमचं चर्च सोडलंही नाही. तो आत आलाच नव्हता.

दुसरी. फेब्रुवारीत रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे चर्चमधल्या बायकांच्या संघटनेच्या, वर्गात 'सोडून गेलेल्यां'वर चर्चा झाली आणि फळ्यावर कारणं लिहिली गेली: मन दुखावलं, पाप करायचं होतं, आळस. माझं नाव कोणी घेतलं नाही, पण सगळ्यांनी खिडकीतून आमच्या घराकडे पाहिलं, असं तिथे बसलेल्या मैत्रिणीने सांगितलं. तेव्हा तुमच्याच फर्स्ट प्रेसिडेन्सीत असलेले डिटर उख्टडॉर्फ २०१३ च्या ऑक्टोबर परिषदेत म्हणाले होते की माणसं दुखावली, आळशी किंवा पापी होती म्हणून गेली असं आपण धरून चालतो, पण ते इतकं सोपं नसतं. २०२१ मध्ये नेल्सन पुन्हा आळशी शिकणाऱ्यांवर घसरले. दोन्ही भाषणं उपलब्ध असताना फळ्यावर दुसरंच का येतं? मी आळशी होते म्हणता? सात पानं लिहिली होती मी, तळटिपांसकट.

तिसरी छोटी आहे. आगरकरांना पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांचीच प्रेतयात्रा दाखवली. तुम्ही तसलं काही केलं नाहीत. माझ्या दाराशी केळ्याचा ब्रेड आणून ठेवलात, घरात कोणी गेल्यावर ठेवतात तसा. पहिला गोड वाटला. सहावा आला तेव्हा कळलं की माझं नाव कुठल्यातरी यादीत आहे आणि कोणाला तरी माझी नेमणूक दिली आहे. शेजारीण म्हणून या, कधीही या. नेमणूक म्हणून येऊ नका.

चौथी तक्रार अर्धी माझ्यावरच आहे. २००९ मध्ये मी उत्साहाने माझ्या आजोबांचं नाव मृतांच्या बाप्तिस्म्यासाठी दिलं. ज्यांनी मला लोणंदला खांद्यावर घेतलं तेच हे आजोबा. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही, शेवटच्या आजारपणातही नाही. वॉर्डातला एक चौदा वर्षांचा मुलगा त्यांच्या नावाने पाण्यात बुडाला. त्यांचं नाव उच्चारताना विधी करणारे अडखळले होते, मला हसू आलं होतं. तुम्ही म्हणाल, मृतात्म्याला नाकारण्याची मोकळीक आहे. आणि मी नास्तिक, माझ्या मते आजोबा कुठेच नाहीत, मग काय फरक पडतो? त्यांना पडत नाही. पण नाव त्यांचं होतं आणि मी ते कोणाला न विचारता देऊन टाकलं. माझ्या आत्यांना हे आजवर माहीत नव्हतं, आता कळेल. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्यांच्या नावांबाबत ज्यू संघटनांशी तुमच्या चर्चने १९९५ मध्ये करार केला होता, म्हणजे हे दुखणं तुम्हाला कळत नाही असं नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. उत्पन्नाचा दहावा हिस्सा दिल्याशिवाय टेम्पलचा परवाना मिळत नाही. एका कठीण वर्षी मी आईला पाठवायचे पैसे कमी केले, दशांश कमी केला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने चर्चच्या गुंतवणूक कंपनीला ४० लाख आणि चर्चला १० लाख डॉलर दंड ठोठावला. गुंतवणुकीचा आकार दिसू नये म्हणून कागदी कंपन्यांच्या नावांनी विवरणं भरली होती, म्हणून. मी तेव्हा बाहेर पडलेली होते. तरीही बातमी वाचून आधी आईचा चेहरा आठवला.

तुमच्या वॉर्डात माझ्या नास्तिक असण्याबद्दल हळू आवाजात बोललं जातं, म्हणून तेही इथेच सांगून टाकते. चर्च सोडल्यावर मंडळातल्या काकू म्हणाल्या, बरं झालं, आपल्यात परत आलीस, आता गणपतीत आरती तू सांग. मी मोदक वळते. टाळ वाजवते, कारण ताल मला आवडतो. नवस बोलत नाही आणि हात जोडले तर समोरच्या माणसांना जोडते. काकूंनाही हे पटलेलं नाही. 'नास्तिक' हा शब्द तोंडातून काढायला मला चर्च सोडल्यावर आणखी दोन वर्षं लागली. पहिल्यांदा म्हटला तो फोनवर, वडिलांना. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

माझ्या मुलीला तिची श्रद्धा आहे. ती दीड वर्ष मिशनवर जाऊन आली, परक्या गावात लोकांचे जिने चढली, मला तिचा अभिमान आहे. तिला तुमच्यापासून तोडायचं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं, बाकावर बसून रडले असते. ते जास्त परिणामकारक ठरलं असतं.

मागण्या अशा.

बिशपांनी दोघांना पुन्हा बोलावून स्पष्ट सांगावं की आधी सर्वांसमोर लग्न आणि मग टेम्पल, याला २०१९ पासून पूर्ण मुभा आहे, थांबावं लागत नाही आणि त्यात श्रद्धेला कमीपणा नाही. हॉल त्या सकाळी द्यावा. निर्णय मग त्यांचा. त्यांनी तरीही फक्त टेम्पल निवडलं तर मी एक शब्द बोलणार नाही.

सोडून गेलेल्यांची कारणं आमच्या गैरहजेरीत फळ्यावर लिहिणं बंद व्हावं.

माझ्या नावाची नेमणूक रद्द व्हावी.

आजोबांच्या नोंदीवर, नाव देणाऱ्या नातीने संमती मागे घेतली आहे, एवढी एक ओळ टाकण्यासाठी स्टेक प्रेसिडेंटनी वर लिहावं. वरून नकार आला तर तो मला लेखी कळवावा.

आणि मिशनरींनी नव्या माणसाला बाप्तिस्म्याची तारीख देण्याआधी दोन गोष्टी सांगाव्यात: चर्चचे हे लेख कुठे वाचायला मिळतात, आणि उद्या तुझ्या मुलांच्या टेम्पलमधल्या लग्नाला तुझे आईबाप आत येऊ शकणार नाहीत. २००६ मध्ये हे लेख नव्हतेच, पण लग्नाचंही मला कोणी सांगितलं नाही. चहाचं मात्र पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

लग्न ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. उत्तर या महिनाअखेरीपर्यंत मिळावं. सासूबाईंचं पुण्याहून तिकीट काढायचं आहे. त्यांनी अक्षतांसाठी तांदूळ निवडून डब्यात भरून ठेवलेत, आणि त्यांना विमानात बसवण्यापूर्वी मला सांगावं लागेल की त्या लग्न बघायला येत आहेत की बाक.

आपली,
वॉर्डाची एक माजी सभासद आणि वधूची आई